घरचा पूल कोणता घ्यावा: पाण्यात उभं राहून केलेली पारख

घरी स्विमिंग पूल करायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते आकारावरून आणि टाइल्सच्या रंगावरून. मी घरोघरी जाऊन पोहायला शिकवते. काँक्रीटचे, फायबरग्लासचे, व्हिनाइल लायनरचे, जमिनीवर उभे केलेले, सगळ्या तऱ्हेचे पूल मी छातीभर पाण्यात उभी राहून आतून बघते. तिथून बघितलं की निवडीचा क्रमच बदलतो. आधी खोली, मग तळ, मग पायऱ्या, आणि भिंत कशाची हा प्रश्न त्यानंतर.

खोलीबद्दल माझं मत ठाम आहे. घरच्या पूलला सात-आठ फुटांचा खोल भाग नको. घरातली माणसं पाण्यात काय करतात ते आठवून बघा. मुलं उभी राहून दंगा करतात, मोठी माणसं कठड्याला टेकून बोलत बसतात, कोणी चार-दोन फेऱ्या मारतं, गुडघे दुखणारं कोणी पाण्यात चालतं. यातल्या एकाही गोष्टीला साडेचार फुटांच्या वर पाणी लागत नाही. खोल पाणी लागतं ते सूर मारायला. पण डोकं खाली करून सूर मारायचा तर अमेरिकन रेड क्रॉस किमान 9 फूट खोली सांगते. म्हणजे 7 फुटांचा भाग सूर मारायला अपुरा आणि उभं राहायला जास्त. कशासाठी तो?

आणि खोलीपेक्षाही मला धास्ती वाटते ती उताराची. समजा पूल 25 फूट लांब आहे, एका टोकाला 3 फूट पाणी आणि दुसऱ्या टोकाला 7. मधल्या आठ-दहा फुटांत तळ चार फूट खाली जातो. पोहता न येणारं मूल उथळ भागात खेळता खेळता त्या उताराच्या तोंडाशी येतं. एक पाय खाली जातो. आता मागे यायचं तर पायाला पकड हवी, पण पाण्यात शरीराचा भार पायांवर फारसा येत नाही, त्यामुळे तळवे नुसते घसरतात. मूल चवड्यांवर उभं राहून हनुवटी वर काढायला बघतं, आणि दर धडपडीला बोटभर आणखी खाली सरकतं. मी हे हाताच्या अंतरावरून पाहिलंय, म्हणून सांगते: आवाज होत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला वेळ उरत नाही. काठावर बसलेल्या माणसांना मूल खेळतंय असंच वाटतं.

म्हणून माझी पहिली शिफारस अशी: तळ जवळजवळ सपाट ठेवा. साडेतीन फुटांपासून साडेचार फुटांपर्यंत सगळ्या लांबीत हळूहळू उतरणारा. याचा दुसरा फायदा पाण्याच्या हिशेबात दिसतो. 25 बाय 12 फुटांच्या पूलमध्ये सरासरी 4 फूट पाणी म्हणजे साधारण 34,000 लिटर. तीच सरासरी 5 फुटांवर नेली की 42,000 लिटरच्या पुढे. हे सगळं पाणी गाळायचं असतं, त्यात क्लोरीन घालायचं असतं, आणि तापवायचं असेल तर 34,000 लिटर पाणी एका अंशाने वर न्यायला जवळजवळ 40 युनिट ऊर्जा जाते. वरचे साडेआठ हजार लिटर फक्त खोल टोकाच्या हौसेसाठी सांभाळायचे, वर्षानुवर्षं.

आता भिंतीकडे वळते.

काँक्रीटचा पूल म्हणजे हवा तो आकार, हवी ती खोली, हव्या तिथे पायऱ्या. खड्ड्यात सळ्यांचा पिंजरा बांधतात आणि त्यावर दाबाने काँक्रीट फवारतात. कोरडं मिश्रण पाइपमधून येऊन तोंडाशी त्यात पाणी मिसळलं तर त्याला गनाइट म्हणतात, आधीच कालवून आणलेलं असेल तर शॉटक्रीट. ही फवारणीची बंदूक काढली कार्ल एकली यांनी, 1911 साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. हे गृहस्थ मूळचे संग्रहालयांसाठी मेलेल्या प्राण्यांची कातडी साच्यावर चढवून त्यांना जिवंत रूप देणारे! मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून शिकवताना मुलांना हमखास सांगते.

काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात, त्यावर गिलावा किंवा टाइल्स, भोवतीचं काम, यंत्रसामग्री असं करत काम काही महिने चालतं. ते ठीक आहे. माझी तक्रार आहे ती गिलाव्याशी. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा नवा असताना मऊ लागतो. काही वर्षांत पाण्याने तो कोरला जातो आणि पृष्ठभाग बारीक सँडपेपरसारखा होतो. लहान मुलं पाण्यात टाचा टेकत नाहीत, सारखी चवड्यांवर नाचतात. अशा पूलमध्ये तासभर खेळलेल्या मुलाचे पाय उलटून बघा: अंगठ्याच्या खालची कातडी लालसर आणि सोललेली दिसते, कधी कधी बारीक रक्ताचे ठिपके. मूल सांगत नाही, कारण सांगितलं तर बाहेर काढतील. दुसऱ्या दिवशी मात्र पाण्यात यायला कुरकुरतं आणि घरच्यांना वाटतं की पाण्याला घाबरलं.

शिवाय गिलावा सच्छिद्र असतो. त्यात शेवाळ मुळं धरल्यासारखं बसतं, सारखं ब्रशने घासावं लागतं. पहिले काही आठवडे तर गिलाव्यातला चुना पाण्यात उतरून पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, सारखा वर जातो, त्याकडे रोज बघावं लागतं. दहा-पंधरा वर्षांनी नवा गिलावा करावा लागतो. पूर्ण टाइल्स लावल्या तर हे बरंचसं टळतं, पण मग टाइल्सच्या सांध्यांतल्या ग्राउटची काळजी येते आणि एखादी टाइल फुटली की तिची धार ब्लेडसारखी असते. काँक्रीट घ्यायचंच असेल, जागा वेडीवाकडी असेल किंवा पूल खरोखर लांब हवा असेल, तर घ्या. पण तळाला बारीक गुळगुळीत टाइल्स किंवा चांगला घोटलेला गिलावा घ्या आणि पायऱ्यांवर पकड असलेल्या टाइल्स घ्या. एकच टाइल सगळीकडे नको.

फायबरग्लासचा पूल माझ्या मते बहुतेक घरांना सगळ्यात सोयीचा. कारखान्यात साच्यावर जेलकोट, म्हणजे पाण्याच्या बाजूचा गुळगुळीत थर, मग राळ आणि काचतंतू यांचे थर देऊन अख्खी टाकी बनते आणि ट्रकवरून येते. खड्डा तयार असेल तर टाकी काही दिवसांत बसते. तळ गुळगुळीत, शेवाळाला धरायला जागा कमी, रसायनं कमी लागतात. मला सगळ्यात पटतं ते हे की पायऱ्या आणि बसायचा कट्टा टाकीतच ओतीव येतो. गुडघ्याचं दुखणं असलेल्या एक आजी माझ्याकडे पाण्यात चालायला शिकल्या. ओतीव रुंद पायरी, मग कट्टा, मग तळ अशा टप्प्याटप्प्यांनी त्या उतरायच्या. पहिल्या दिवशी कट्ट्यावर बसूनच त्यांनी पाय हलवले, पुढे कट्ट्याला धरून उभ्या राहिल्या, आणि मग एका दिवशी म्हणाल्या, "ताई, आता तुमचा हात सोडा." उभ्या शिडीच्या पूलमध्ये हे झालंच नसतं, त्या पाण्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

मर्यादा रस्त्याची आहे. टाकी ट्रकवरून यायची असल्यामुळे तिची रुंदी बहुधा 16 फुटांच्या आत आणि लांबी 40 फुटांच्या आत राहते. आकार साच्याचा, तुमच्या मनाचा नाही. म्हणूनच कॅटलॉगमधले वरून काढलेले फोटो बाजूला ठेवा आणि टाकीचा उभा छेद दाखवा म्हणून सांगा. बऱ्याच साच्यांत खोल टोक असतंच. सपाट तळाचे साचेही मिळतात, फक्त विचारावं लागतं. जेलकोटच्या तळावर खडबडीत पोत आहे का हेही विचारा, कारण गुळगुळीत ओला उतार म्हणजे मी वर सांगितलं तेच संकट, आणखी वेगाने.

बसवताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. टाकीभोवतीचा भराव आणि टाकीतलं पाणी दोन्ही एकाच वेळी, थोडं थोडं वर आलं पाहिजे, नाहीतर भिंती आत किंवा बाहेर फुगतात. भरावाला बारीक खडी चांगली, कारण वाळू पाण्याने वाहून जाते आणि मागे पोकळी राहते. दुसरं म्हणजे टाकी कधीही आपल्या मनाने रिकामी करायची नाही. जोराच्या पावसानंतर जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं आणि रिकामी टाकी त्या पाण्यावर चक्क तरंगते, जमिनीतून वर उचलली जाते. काँक्रीटच्या रिकाम्या पूललाही हा धोका असतोच, म्हणून तिथे तळात दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठेवतात. एका घरी सफाईवाल्यांनी कोणालाही न विचारता पाणी उपसलं आणि टाकी एका कडेने वर आली, कठड्याला तडा गेला. तिथे मुलांचं शिकणं थांबलं याचं मला अजून वाईट वाटतं. पाणी बदलायचं झालं तरी टप्प्याटप्प्याने बदलावं, आणि पूर्ण उपसायचं तर ज्याने पूल बसवला त्याला समोर उभं करून.

व्हिनाइल लायनरकडे लोक जरा नाक मुरडतात, आणि मला ते पटत नाही. स्टीलच्या किंवा पॉलिमरच्या पट्ट्यांच्या भिंती, खाली घोटलेला मऊ तळ, आणि आत लायनर, म्हणजे जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीच्या व्हिनाइल प्लॅस्टिकचं अस्तर. पायाखाली हा सगळ्यांत मऊ. तीन-चार वर्षांची मुलं इथे जितक्या चटकन मोकळी होतात तितकी काँक्रीटमध्ये होत नाहीत. पडलं, आपटलं, गुडघा टेकला तरी खरचटत नाही. आकारही बराचसा हवा तसा मिळतो. पण लायनर सात ते बारा वर्षांत बदलावं लागतं हे पहिल्या दिवशीच मान्य करायला हवं. टोकदार खेळणं, कुत्र्याची नखं, पूल झाडायच्या ब्रशचा तुटलेला कोपरा यांनी ते फाटतं. छोटं भोक पाण्याखालीच ठिगळ लावून बुजवता येतं, त्यासाठी पाणी काढायची गरज नसते. क्लोरीनची गोळी मात्र थेट पाण्यात टाकून तळावर पडू देऊ नका, तिथे पांढरा डाग कायमचा राहतो. या प्रकारात खोल खड्ड्यासारखं टोक काढायची पद्धत फार रुळलेली आहे, तेवढं निक्षून नाही म्हणा.

जमिनीवर उभा केलेला पूल म्हणजे तात्पुरती सोय, असं म्हणून सोडून देतात. माझ्या कसोटीवर तो चांगल्या गुणांनी उतरतो. चार फुटांच्या आसपास पाणी, तळ सगळीकडे सपाट, आणि शिडी काढून ठेवली की लहान मूल आपलं आपण आत जाऊ शकत नाही. नव्याने शिकणाऱ्याला आणखी काय हवं? उणीव आहे ती त्याच शिडीची: वयस्कर माणसाला ती चढून उतरणं अवघड. जागा नीट सपाट केली नाही तर पाण्याचा भार एका बाजूला जातो आणि भिंत फुटू शकते, म्हणून गवतावर तसाच उभा करू नये. सूर मारायचा नाही, कठड्यावर बसायचं नाही, हे दोन नियम घरात सगळ्यांना माहीत हवेत. मुलं लहान आहेत, पुढे पूल लागेल की नाही नक्की नाही, अशा घराने खुशाल हाच घ्यावा.

लहान जागेत प्लंज पूल, म्हणजे डुंबण्यापुरता छोटा पूल, करतात आणि त्यात पोहण्यासाठी उलट्या प्रवाहाचं यंत्र बसवतात. 25 फुटांच्या पूलमध्येसुद्धा भिंतीला पाय मारून निघालं की निम्मं अंतर नुसत्या सरकण्यात जातं, मग चार हात मारले की समोरची भिंत. त्यामुळे रोज पोहणाऱ्या मोठ्या माणसाला प्रवाहाची कल्पना योग्यच आहे. फरक यंत्रात असतो. एका नळीतून जोराचा झोत सोडणारं यंत्र छातीवर आदळतं आणि माणूस डावी-उजवीकडे भरकटतो. पंख्याने रुंद, संथ प्रवाह देणाऱ्या यंत्रात खरं पोहता येतं. विकत घेण्याआधी त्यात उतरून दहा मिनिटं पोहून बघा. आणि कमरेला पट्टा लावून लवचीक दोरीने कठड्याला बांधून पोहणं हाही उत्तम उपाय आहे. त्याला जवळपास काहीच लागत नाही.

काठावरून पाणी सांडत असल्यासारखे दिसणारे इन्फिनिटी पूल सुंदर दिसतात, यात शंका नाही. पण सांडलेलं पाणी झेलायला खाली दुसरी टाकी आणि वेगळा पंप लागतो, आणि त्या बाजूला धरायला कठडा नसतो. शिकणाऱ्याला कठडा लागतो. ऑस्ट्रियात 1980 च्या दशकात सुरू झालेले वनस्पतींनी पाणी शुद्ध करणारे नैसर्गिक पूल मला मनापासून आवडतात, मात्र साधारण निम्मी जागा झाडांना द्यावी लागते. मोठी मोकळी जागा असेल तरच.

मिठाच्या पाण्याबद्दल मला सगळीकडे विचारतात. "त्यात क्लोरीन नसतं ना?" असतं. लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ घालतात, समुद्राच्या पाण्यात ते 35 ग्रॅमच्या आसपास असतं, आणि यंत्रातून वीज जाऊन त्याच मिठापासून क्लोरीन तयार होतं. फायदा असा की क्लोरीन थोडं थोडं सतत मिळतं, डबे उघडून मोजावं लागत नाही, आणि पाणी अंगाला मऊ लागतं. मी दिवसाचा बराच वेळ पाण्यात असते, माझ्या कातडीला ते मानवतं. पण पीएच वर सरकत राहतो, यंत्रातला क्लोरीन बनवणारा भाग, म्हणजे सेल, काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि स्टीलच्या भिंती किंवा शिडी असेल तर गंजाकडे लक्ष ठेवावं लागतं. पूल कुठल्याही जातीचा असो, पीएच 7.2 ते 7.6 आणि मोकळं, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम हे आकडे पंपाजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. पीएच 8 वर गेला की घातलेल्या क्लोरीनचा बराच मोठा वाटा निकामी होतो. आणि डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्यामुळे येतो असं समजून लोक ते घालायचं बंद करतात. खरं तर तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी अंघोळ केली तर तो बराच कमी होईल.

पंप वेग बदलता येणारा घ्या. पंपाचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे तो हळू चालवून जास्त वेळ पाणी गाळणं परवडतं. आणि वर पसरायचं आच्छादन घ्याच. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडालं तरी 25 बाय 12 च्या पूलमधून रोज 140 लिटर जातं.

दोन गोष्टी मात्र आवडीनिवडीच्या नाहीत. पहिली, तळातली पाणी ओढणारी जाळी. तिथली ओढ एवढी असते की केस, पोहण्याचा पोशाख किंवा अंग चिकटलं तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची एक मुलगी अशीच गेली, आणि त्यानंतर 2007 साली तिथे जाळ्यांसाठी कायदा झाला. एकाऐवजी दोन तोंडं, त्यांच्यात किमान तीन फूट अंतर, आणि वर घुमटाकार जाळी: हे नकाशातच असलं पाहिजे. दुसरी, कुंपण. चारही बाजूंनी, किमान चार फूट उंच, आपोआप मिटणाऱ्या आणि आपोआप कडी लागणाऱ्या फाटकाचं. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका, कारण मूल घरातूनच बाहेर येतं. ज्या घरी कुंपण नाही तिथे मी शिकवणी घेत नाही, आणि हे फोनवरच सांगते.

एवढं सगळं बघून झालं, प्रकार ठरला, की पूल बांधणाऱ्याला एकच गोष्ट मागा: त्याने बांधलेला, किमान पाच-सहा वर्षं वापरात असलेला त्याच जातीचा पूल. तिथे काठावर उभं राहून परत येऊ नका. पोहण्याचे कपडे घेऊन जा, आत उतरा, अनवाणी सगळ्या तळावर चाला, पायऱ्यांची कड तळहाताने चाचपा, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आत उतरायला आणि बाहेर यायला सांगा, आणि पंप सुरू असताना त्याचा आवाज कुठवर जातो ते ऐका. त्या घरच्यांना विचारा की गेल्या वर्षी पाण्यावर किती वेळ गेला आणि कोण करतं ते काम. बांधणारा असा पूल दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा बांधणारा शोधा.